बटणातला जाळ

फोटोशॉपमध्ये ‘फिल्टर’ची यादी उघडली की तिच्यात ‘रेंडर’ सापडतं आणि ‘रेंडर’च्या पोटात ‘फ्लेम’. एक रेघ आखायची, बटण दाबायचं, की रेघेवर जाळ हजर! कडेला केशरी, आत पिवळा, मध्यभागी पांढुरका. हवा तेवढा उंच, हवा तेवढा वळणदार. आणि तरीही फोटोवर बसवला की तो हटकून चिकटवल्यासारखा दिसतो. लग्नपत्रिकेवरची समई असो, दिवाळीच्या शुभेच्छांमधली पणती असो नाहीतर नाटकाच्या जाहिरातीतली मशाल असो, ज्योत एकीकडे आणि चित्र दुसरीकडे.

माझं म्हणणं सरळ आहे आणि ते आज जरा आवाज चढवून मांडणार आहे. (शाळेत इतकी वर्षं चढवला, आता इथे चढवते.) ज्यांना खरी वाटेल अशी आग काढायची आहे त्यांनी आधी आग बघायला शिकावं. बघणं टाळून नुसती बटणं पाठ करणाऱ्यांना आग काढता येत नाही, हे नुकसान किरकोळ. दुसऱ्याने काढलेली खोटी आग त्यांना ओळखताही येत नाही, हे नुकसान मोठं. आणि ते त्यांच्या एकट्यापुरतं राहत नाही.

आगीच्या पाककृती जालावर पैशाला पासरी मिळतात. त्यातली जुनी आणि सगळ्यांत गाजलेली जळत्या अक्षरांची. काळ्या पाटीवर पांढरी अक्षरं लिहा. चित्र आडवं फिरवा. ‘विंड’ फिल्टर दोन-तीनदा मारा. चित्र पुन्हा उभं करा. थोडं धूसर करा, ‘रिपल’ने लहरी द्या. मग रंग काढून करडं करा, ‘इंडेक्स्ड कलर’मध्ये न्या आणि रंगांच्या तक्त्यांतून ‘ब्लॅक बॉडी’ नावाचा तक्ता निवडा. झाली आग!

या कृतीत खरं तर एक फार शहाणी गोष्ट दडलेली आहे. तो ‘ब्लॅक बॉडी’चा तक्ता म्हणजे तापत जाणाऱ्या वस्तूच्या रंगांचा क्रम. लोहाराच्या भट्टीत लोखंड आधी काळसर लाल होतं, मग केशरी, मग पिवळं, मग पांढरट. चित्रातला करडा रंग जितका उजळ तितकं ते ठिकाण तापलेलं, असं मानून संगणक रंग भरतो. म्हणजे ज्याने ही कृती पहिल्यांदा जमवली त्याने लोहाराच्या भट्टीकडे नाहीतर निदान भौतिकशास्त्राच्या पुस्तकाकडे पाहिलं होतं. पण त्याच्यामागून आलेल्या शेकडो जणांनी फक्त पायऱ्या उतरवून घेतल्या. तक्ता का निवडायचा, हे कोणी लिहीत नाही आणि कोणी विचारत नाही. आमच्या वर्गात गाइड पाठ करून येणारी मुलं अशीच असायची. प्रश्न जरा फिरवून विचारला की गप्प. या पाककृतीवाल्यांना काळ्या पाटीऐवजी भर दुपारचा अंगणाचा फोटो द्या आणि म्हणा, इथे शेकोटी पेटवा. तेही गप्प होतील.

गिम्प हे फुकट मिळणारं सॉफ्टवेअर वापरणारे आमचे काही वाचक आहेत, त्यांच्यासाठी एक गंमत. गिम्पमध्येही ‘फ्लेम’ नावाचा फिल्टर आहे. पण तो आगीचा नाहीच! स्कॉट ड्रेव्हज यांनी १९९२ मध्ये काढलेल्या गणिती फ्रॅक्टल आकृत्यांचा तो आहे. नुसत्या नावावर विसंबून जो पणतीवर तो फिल्टर लावेल, त्याच्या पणतीतून रेशमाच्या गुंतवळ्यासारखं काहीतरी बाहेर पडेल.

मी मराठीची शिक्षिका, विज्ञानाची नव्हे. त्यामुळे मला आधी खटकतो तो शब्दच. ‘फ्लेम’ हा एकच शब्द आणि त्याचं एकच बटण. आपल्याकडे देवापुढे ज्योत असते, चुलीत जाळ असतो, होळीला ज्वाळा उठतात, रॉकेल सांडलं की भडका होतो, डोंगराला वणवा लागतो, शेगडीत निखारे असतात, निखाऱ्यांची धग लागते आणि शेजारच्या घरी मागायला जात ते विस्तव. निरांजनातल्या ज्योतीला कोणी जाळ म्हटलं तर घरातली म्हातारी माणसं रागवायची. ते फक्त सोवळ्याओवळ्यापायी नव्हे. या वस्तूच वेगळ्या आहेत. ज्योत एकटी असते, एका वातीची, हवा शांत असेल तर न हलणारी. जाळ अनेक तोंडांचा आणि हावरा. तो भांड्याच्या बुडाला चाटतो, वळसा घालतो आणि कडेने वर येतो. भडक्याला आकार धरायला वेळच नसतो. निखाऱ्याला ज्वाळा नसते, तो स्वतः तापून लाल झालेला असतो. ज्याच्या डोक्यात हे शब्द जिवंत आहेत तो चुलीत ज्योत लावणार नाही आणि समईत भडका लावणार नाही. बटण मात्र सगळ्यांना एकाच मापाने शिवतं, फक्त ‘लांबी’ आणि ‘रुंदी’ विचारतं.

आणि लांबी-रुंदी वाढवून आग मोठी होत नाही. मेणबत्तीची ज्योत ताणून इमारतीएवढी केली तर इमारतीएवढी मेणबत्ती दिसते, पेटलेली इमारत दिसत नाही. सिनेमावाल्यांना हे फार पूर्वीपासून माहीत आहे. छोट्या प्रतिकृतीला आग लावली की जाळ भराभर फडफडतो आणि प्रतिकृतीचं बिंग फुटतं. म्हणून ते जास्त वेगाने चित्रीकरण करून पडद्यावर संथ दाखवतात. मोठी आग सावकाश उसळते, लहान ज्योत पटपट लवलवते. ज्याने होळी आणि काडेपेटीची काडी दोन्ही लक्ष देऊन पाहिल्या आहेत त्याला हे कोणी शिकवावं लागत नाही.

बरं, आता पणतीच घेऊ. वातीच्या अगदी जवळ एक काळसर भाग दिसतो. तिथे तेलाची वाफ असते, अजून न जळलेली. बुडाशी बारीक निळसर कड दिसते. तिथे हवा चांगली मिसळते, काजळी धरत नाही. त्याच्या वर तो मोठा पिवळा भाग. तो पिवळा उजेड म्हणजे तापून झळकणारे काजळीचे कण! चमचा धरा, लगेच काळा होईल. आपल्या डोळ्यांत घालायच्या काजळाचाच तो उजेड. गॅसच्या शेगडीत हवा आधीच मिसळलेली असते म्हणून ज्योत निळी, आणि ती पिवळी पडली की बर्नर साफ करायला झाला, हे प्रत्येक गृहिणीला कळतं. ज्योतीला निमुळतं टोक येतं तेही गरम हवा वर धावते म्हणून. अंतराळयानात, जिथे वजनच जाणवत नाही, तिथे मेणबत्ती लावून पाहिली तेव्हा ज्योत गोल आणि निळसर झाली.

मायकेल फॅरेडे या शास्त्रज्ञाने लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये १८६०-६१ च्या नाताळात मुलांसमोर नुसत्या मेणबत्तीवर सहा व्याख्यानं दिली. एका मेणबत्तीवर सहा! त्याने मुलांना ज्योतीची सावली पाडून दाखवली. ज्योतीचा जो भाग सर्वांत तेजस्वी, त्याचीच सावली सर्वांत गडद पडते, कारण काजळीचे कण तिथेच दाटलेले असतात. हे ज्याने एकदा पाहिलं तो ज्योतीला पिवळ्या रंगाचं पान समजून कात्रीने कापून चिकटवणार नाही.

पण खरी चूक ज्योतीत होतच नाही, ज्योतीच्या आजूबाजूला होते. हा माझा मुख्य मुद्दा.

आपली म्हणच बघा, दिव्याखाली अंधार. आपण ती माणसांना लावतो, पण मुळात ती कोणीतरी नीट बघून केलेली आहे. पणतीची आतली कड उजळते, बाहेरचं पोट काळोखात राहतं, बुडाखाली सावलीचं वर्तुळ पडतं आणि उजेड सुरू होतो तो त्या वर्तुळापलीकडे. तिथून पुढे तो झपाट्याने कमी होतो. शाळेतल्या पुस्तकातला नियम आहे, अंतर दुप्पट केलं की उजेड चौथाई. दिवाळीच्या शुभेच्छांची शंभर चित्रं काढून बघा. पणतीखालची फरशी आणि दोन हातांवरची फरशी सारखीच उजळ, पणतीचं पोट समोरून लख्ख, मागच्या रांगोळीवर दुपारचं पांढरं ऊन. मेणबत्तीच्या उजेडाचा रंग साधारण १९०० केल्विनचा, म्हणजे चांगलाच तांबूस. दुपारच्या उन्हाचा साधारण ५५०० चा. म्हणजे त्या चित्रात ज्योत रात्रीची आणि रांगोळी दुपारची.

आता याच्या उलट, एक चित्र आठवा. सावळाराम लक्ष्मण हळदणकर, आपले सावंतवाडीचे. म्हैसूरच्या जगनमोहन राजवाड्यात त्यांचं ‘ग्लो ऑफ होप’ आहे. हातात दिवा घेतलेली स्त्री, तिने दुसरा हात ज्योतीच्या आड धरलेला. (लोक अजूनही ते राजा रविवर्म्याचं म्हणून दाखवतात, तो वेगळ्याच भांडणाचा विषय.) चित्रकाराने समोर उभं केलं होतं आपल्या मुलीला, आणि रंग वापरले होते पाण्याचे. या चित्रात ज्योत जवळजवळ दिसतच नाही! दिसतात ती आड धरलेल्या हाताची, आतून लालसर झालेली बोटं. दिसतो खालून उजळलेला चेहरा, आणि तिच्यामागचा काळोख. हळदणकरांनी ज्योत झाकली आणि उजेड रंगवला. आपण उजेड विसरतो आणि ज्योत चिकटवतो. अख्ख्या ‘रेंडर’ मेनूपेक्षा त्या लालसर बोटांत जास्त आग आहे, आणि हे मी जबाबदारीने म्हणते.

संगणकावरही हे करता येतं. मी निवृत्तीनंतर हे सॉफ्टवेअर शिकले, तेव्हा वयाची सबब कोणी सांगू नये. फक्त क्रम उलटा करायचा. आधी फोटो अंधारा करा, जितका रात्री असतो तितका. मग ज्योत नसतानाच तिचा उजेड रंगवा: कुठल्या कडा तांबूस होतील, सावल्या कुठल्या दिशेला पडतील, तांब्या, काच, ओली फरशी यांत प्रतिबिंब कुठे पडेल. एवढं झालं की डोळा स्वतःच विचारतो, इथे दिवा कुठे आहे? मग शेवटी ज्योत ठेवा. ती ठेवताना थर ‘स्क्रीन’ पद्धतीने मिसळा. त्यात काळा रंग नाहीसा होतो आणि उजेड उजेडात मिळतो, कारण आग खालच्या चित्रावर रंगाचा थर देत नाही, उजेडाची भर घालते. म्हणूनच पांढऱ्या भिंतीवर ‘स्क्रीन’ केलेली ज्योत दिसेनाशी होते. लोक याला सॉफ्टवेअरचा दोष समजतात. भर उन्हात पणती लावून बघा म्हणावं. आणि ज्योतीच्या वर जिथे गरम हवा थरथरते, तिथे मागची रेघ किंचित वाकडी करा. बस्स.

यावर पहिला आक्षेप मला ठाऊक आहे, कारण तो घरातच ऐकते. ‘मुलांना खोटं करायला शिकवता कशाला? अशाने अफवा पसरतात.’

अफवा पसरतात हे खरं. पण कोणामुळे? मागच्या पावसाळ्यात आमच्या नातेवाइकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर रात्री एक फोटो आला. एका तालुक्याच्या गावचं एसटी स्टँड, त्यात पेटलेली बस, खाली मजकूर: ‘गाव पेटलं आहे, घराबाहेर पडू नका, सगळ्यांना पाठवा’. दहा मिनिटांत तो आमच्याच चार जणांनी पुढे ढकलला. त्यातले दोघे इंजिनिअर. भाच्याच्या मुलीची दुसऱ्या दिवशी त्याच गावात नोकरीची मुलाखत होती. तिला जाऊ द्यायचं नाही असं ठरलंसुद्धा. माझी नात तेव्हा नववीत. शाळेच्या होळीच्या फलकासाठी तिने तीन संध्याकाळी खपून ज्वाळा काढल्या होत्या. तिने फोटो मोठा केला आणि म्हणाली, “आजी, रस्ता ओला आहे. पाण्यात ट्यूबलाइट दिसतेय, मग जाळ का दिसत नाही?” कोणीच उत्तर देऊ शकलं नाही. त्या गावातल्या चुलतभावाला फोन केला, तो स्टँडसमोरच्या दुकानात भजी घेत होता. मुलगी मुलाखतीला गेली.

आता सांगा, त्या रात्री ग्रुपवर धोकादायक कोण होतं? खोटा जाळ काढता येणारी नववीतली मुलगी, की आयुष्यात कधीही न काढणारे ते चौघे सज्जन? खोटं नाणं ओळखायला सराफाचा हात लागतो, आणि तो हात खऱ्या नाण्यांवर तयार होतो.

हे फक्त आमच्या घरातलं नाही. ऑगस्ट २००६ मध्ये बैरुतवरच्या हवाई हल्ल्यानंतरचा एक फोटो रॉयटर्स या वृत्तसंस्थेने जगभर पाठवला. त्यातला धूर फोटोशॉपने वाढवलेला होता, धुराचे तेच ते गोळे एकावर एक उमटवून. खरा धूर स्वतःची नक्कल करत नाही, एवढंच ते निरीक्षण! ते ब्लॉग लिहिणाऱ्यांनी केलं. (ऐका मंडळी, आपल्या जमातीने.) रॉयटर्सने फोटो मागे घेतला आणि त्या छायाचित्रकाराचे सगळे, म्हणजे ९२० फोटो, विक्रीतून काढून टाकले. बैरुतमध्ये बाँब खरोखर पडले होते, धूर खरोखर होता. पण वाढवलेल्या धुराने खऱ्या धुरावरचाही विश्वास उडाला. खोट्या आगीचा हा सगळ्यांत वाईट परिणाम. जिथे खरंच घर जळतं, तिथल्या माणसालाही मग लोक म्हणतात, ‘हे फोटोशॉप असेल’.

दुसरा आक्षेप नव्या मंडळींचा. ‘आता कृत्रिम बुद्धिमत्ता सगळं करते. वाक्य टाइप केलं की आग तयार, उजेडासकट. शिकायचं कशाला?’ खरं आहे, २०२३ पासून खुद्द फोटोशॉपमध्ये अशी सोय आहे, आणि ही यंत्रं उजेडही बऱ्यापैकी पाडतात. जानेवारी २०२५ मध्ये लॉस एंजेलिसच्या परिसरात भीषण आगी लागल्या, तेव्हा डोंगरावरची ती ‘हॉलिवूड’ची पांढरी अक्षरं ज्वाळांनी वेढलेली चित्रं जगभर फिरली. अक्षरं शाबूत होती. चित्रं यंत्राने केलेली होती. आणि त्याच वेळी खरी घरं हजारोंनी जळत होती, ती बघायची सोडून लोक खोटी अक्षरं जळताना बघत होते.

म्हणजे काम सोपं झालं म्हणून डोळा नको, असं नाही. काम सोपं झालं म्हणूनच डोळा हवा. पूर्वी खोटी आग लावायला निदान तीन संध्याकाळी खपावं लागायचं. तेवढ्या वेळात माणूस चार गोष्टी शिकायचा, क्वचित त्याला शरमही वाटायची. आता तेवढाही वेळ मध्ये उरलेला नाही. डोळा दर वेळी निकाल देऊ शकेल असा माझा दावा नाही. काही चित्रं त्यालाही फसवतील. पण तयार डोळा अडखळतो. आणि अडखळलेला माणूस पुढे ढकलण्याआधी विचारतो: हे कुठलं, कधीचं, कोणी काढलं, तिथे आपलं कोण राहतं? आमच्या ग्रुपवर त्या रात्री नातीच्या प्रश्नाने खोटं सिद्ध झालं नव्हतं. सिद्ध झालं फोनवर. पण फोन करायला लावला तो त्या प्रश्नाने.

म्हणून चित्रकलेच्या, संगणकाच्या शिक्षकांना आणि घरोघरच्या आजी-आजोबांना माझी मागणी आहे: मुलांना आग काढायला जरूर शिकवा, पण पहिल्या दिवशी संगणक लावू नका.

आणि तुम्हा सगळ्यांना गृहपाठ. आज दिवेलागणीला निरांजन लावल्यावर खोलीतला दिवा मालवा. पाच मिनिटं बसा आणि पाच गोष्टी शोधा: वातीजवळचा काळसर भाग, बुडाची निळी कड, दिव्याखालचा अंधार, जवळच्या पितळेतलं किंवा फरशीतलं प्रतिबिंब, आणि ज्योतीच्या आड धरलेल्या स्वतःच्या बोटांचा रंग. मोबाइलने फोटो काढू नका, फोटोत मधला भाग नुसता पांढरा येईल आणि तुम्ही तोच खरा समजाल. जे दिसलं ते मराठीत लिहून प्रतिक्रियेत टाका. न पाहता लिहिलेलं मला लगेच ओळखू येतं, हे माझ्या जुन्या विद्यार्थ्यांना विचारा.